टॉम रिडलचा व्होल्डेमॉर्ट कसा झाला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला रामबागेत आमच्याकडे सुट्टीत पोरं वाचायला जमतात, कॉन्व्हेंटवाली, हिंदी मीडियमवाली, घरी मराठी आणि बाहेर "क्या भिया" वाली, सगळी मिक्स. हॅरी पॉटरचा, त्यातल्या व्होल्डेमॉर्ट या मुख्य व्हिलनचा विषय निघाला की दर बॅचला तेच प्रश्न येतात आणि मी तीच उत्तरं देते, म्हणून एकदाचं सगळं टाइप करून ठेवलंय. सातही पुस्तकांचे स्पॉयलर आहेत, कुठेही झाकलेले नाहीत, ज्यांचं वाचून व्हायचंय त्यांनी इथूनच मागे फिरा.

व्होल्डेमॉर्टचं खरं नाव काय?

टॉम मार्वोलो रिडल. जन्म ३१ डिसेंबर १९२६, लंडनच्या एका अनाथाश्रमात. आई मेरोपी गॉन्ट, बाळंत झाल्यावर तासाभरात गेली, पण जायच्या आधी नाव सांगून गेली.

ते अक्षरांचं काय आहे नेमकं? काकू, परत एकदा दाखवा ना.

दुसऱ्या पुस्तकात (१९९८ साली आलं) शाळेच्या गुप्त तळघरात टॉम (जुन्या डायरीतून बाहेर आलेलं त्याचं शाळकरी रूप) हॅरीची कांडी उचलतो, हवेत आपलं नाव लिहितो, कांडी फिरवतो आणि अक्षरं सरकून नवीन वाक्य तयार होतं: "आय ॲम लॉर्ड व्होल्डेमॉर्ट". इंग्रजी स्पेलिंगमधे दोन्हीकडे बरोब्बर सोळा अक्षरं. ओ तीनदा, एम, आर, डी आणि एल प्रत्येकी दोनदा, आणि टी, ए, व्ही, आय, ई एकेकदा. वही घेऊन एक एक अक्षर खोडत जा, काही उरत नाही आणि काही कमी पडत नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. नुसतं "व्होल्डेमॉर्ट" यात बसवलेलं नाहीये, "आय ॲम लॉर्ड" पण बसवलंय. म्हणजे पदवी त्याला कुणी दिली नाही, कुठल्या राजघराण्यातून आली नाही, शाळेत शिकणाऱ्या पोराने वहीत अक्षरं फिरवून स्वतःच स्वतःला लॉर्ड करून टाकलं.

एवढं सोपं कोडं, तर मग कुणालाच कसं कळलं नाही?

हा खरा प्रश्न आहे आणि यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. पोरांना वाटतं कोडं अवघड होतं म्हणून कळलं नाही. तसं नाहीये. कोडं सोडवायला आधी कोडं आहे हे माहीत पाहिजे ना. टॉम रिडल म्हणजे हॉगवॉर्ट्स या जादूच्या शाळेतला हुशार, देखणा, गरीब, अनाथ, अदबीने बोलणारा मुलगा, प्रीफेक्ट, पुढे हेड बॉय, शाळेची विशेष सेवा केली म्हणून त्याच्या नावाची ढाल ट्रॉफीरूममधे ठेवलेली. आणि ती विशेष सेवा काय, तर १९४३ साली तळघरातलं जनावर ह्यानेच बाहेर सोडलं, एक मुलगी मेली, आणि आळ ढकलला हॅग्रिड नावाच्या दुसऱ्या विद्यार्थ्यावर. हॅग्रिड बिचारा धिप्पाड, घरी पाळू नये ते पाळणारा, सगळ्यांना लगेच पटलं. गोड पोरावर कोण संशय घेतो? एकट्या डंबलडोरने, तिथल्या एका मास्तराने (पुढे तोच हेडमास्तर), घेतला, त्याची टॉमवर तेव्हापासून नजर होती.

मग शाळा संपली, एवढ्या हुशार मुलाने जादूच्या मंत्रालयात जायचं सोडून बोर्गिन अँड बर्क्स नावाच्या कळकट दुकानात नोकरी धरली, तिथून एका म्हातारीचा खून करून तिच्या दोन मौल्यवान वस्तू घेऊन गायब, आणि नंतर कित्येक वर्षं पत्ताच नाही. परत आला तेव्हा चेहरा ओळखू न येण्याइतका बदललेला, मेणासारखा, डोळ्यांत रक्त उतरल्यासारखं. आता सांगा, हेड बॉयचा फोटो आणि हा माणूस एकमेकांशेजारी ठेवायचं कुणाच्या डोक्यात येईल? डंबलडोर दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी साधारण हेच बोलतो, की लॉर्ड व्होल्डेमॉर्ट एकेकाळी टॉम रिडल होता हे फार थोड्या लोकांना माहीत आहे.

म्हणजे बघा, नावाने चेहरा लपवला नाही, चेहरा जादूने बदलला. नावाने लपवली ती हिस्ट्री, कुणाचा कोण, कुठे वाढला, फी कोणी भरली, हे सगळं. व्होल्डेमॉर्टला बालपणच नाही, तो एकदम मोठाच्या मोठा प्रकट झाल्यासारखा.

त्याला आपलं नाव एवढं नकोसं का होतं?

दोन कारणं पुस्तकात आहेत. एक छोटं, एक मोठं.

छोटं म्हणजे टॉम हे फार कॉमन नाव. डंबलडोर त्याला पहिल्यांदा भेटायला अनाथाश्रमात जातो तेव्हा अकरा वर्षांचा तो पोरगा नाक मुरडून सांगतो की टॉम नावाचे ढिगाने आहेत. ढिगातला एक असणं त्याला सहनच होत नाही.

मोठं कारण बाप. आता इथे मराठी माणसाला एक गोष्ट पटकन दिसते जी बाकीच्यांना थांबून बघावी लागते. आपल्याकडे नाव कसं लिहितात, स्वतःचं, मधे बापाचं, मग आडनाव. त्याचं बघा. पहिलं नाव टॉम, ते बापाचं. आडनाव रिडल, ते बापाचं. आणि मधे जिथे बाप असायला पाहिजे तिथे मार्वोलो, आईचे वडील. म्हणजे दोन्ही टोकांना बाप आणि मधे आजोळ दाबून बसवलेलं. आणि तो बाप कोण, तर मगल, जादूचा गंध नसलेला लिटल हँगलटनच्या मोठ्या घरातला मुलगा, ज्याला मेरोपीने प्रेमाचं औषध पाजून आपलंसं केलं, आणि औषध थांबल्यावर जो पोटुशी बायको सोडून घरी परत गेला. आजोळ मात्र थेट शाळेचा एक संस्थापक सालाझार स्लिदरिन याच्या वंशातलं, खायला काही नाही पण घराण्याचा ताठा केवढा.

ह्या पोराने आधी बापाला शोधलं शाळेच्या ट्रॉफ्यांमधे, जुन्या प्रीफेक्टांच्या याद्यांमधे, कारण त्याची खात्री होती की जादूगार बापच असणार, आई असती तर मेली कशाला असती. तिथे रिडल सापडलाच नाही. नंतर मार्वोलो या मधल्या नावावरून आजोळ सापडलं. म्हणजे खरी वाट मधल्या नावातूनच गेली. ज्या उन्हाळ्यात हे कळलं त्याच उन्हाळ्यात त्याने बाप, आजी, आजोबा तिघांना मारलं, आणि आळ मामावर, मॉर्फिनवर टाकला. मामाच्या डोक्यात खोटी आठवण भरली, मामा आनंदाने कबुली देऊन तुरुंगात गेला.

लपवायचंच होतं तर अक्षरं तीच का ठेवली? कुठलंही नवीन नाव घेता आलं असतं की.

माझा आवडता प्रश्न, आणि माझं यावर पक्कं मत आहे.

लपायचं असतं तर माणूस जॉन स्मिथ होतो. आपल्याकडे पाटील, जोशी होतो. ॲनाग्राम ही लपण्याची पद्धतच नव्हे, ॲनाग्राम म्हणजे सही. ज्याला स्वतःच्या हुशारीचं कौतुक आहे आणि ते कुणालातरी कधीतरी दाखवायचंय तोच असलं करतो. तळघरात बघा ना, हॅरीला मारायचंय, हॅरीच्या मित्राची बहीण जिनी मरत पडलीय, वेळ हातातून चाललाय, आणि हा थांबून अक्षरांचा खेळ दाखवतोय! पन्नास वर्षं डायरीत बंद होता, प्रेक्षक मिळाला की पहिला डाव हाच.

दुसरं म्हणजे त्याला बापाचं नाव टाकून द्यायचं नव्हतं, त्याला ते मोडून त्यातून आपली वस्तू बनवायची होती. चोरीचं सोनं वितळवून बांगडी करतात तसं, वजन तेच, ओळख गेली. पण वजन तेच राहतं हीच गोची आहे. सोळाच्या सोळा अक्षरं आईने ठेवलेल्या नावातलीच आहेत, एकही त्याने स्वतः आणलेलं नाही.

त्याच्या माणसांना तरी माहीत होतं का?

थोड्यांना. शाळेतल्या जवळच्या टोळक्यात तो तेव्हापासूनच हे नवीन नाव वापरत होता, असं तो स्वतःच सांगतो. पण पुढे जे डेथ ईटर, म्हणजे त्याचे अनुयायी, झाले त्यांना तो अर्धा मगल आहे हे माहीत नव्हतं, किंवा ऐकायचंच नव्हतं. पाचव्या पुस्तकात मंत्रालयात हॅरी त्याच्या कट्टर भक्त बेलाट्रिक्सच्या तोंडावर सांगतो की तुझ्या मालकाचा बाप मगल होता, तेव्हा ती कशी पिसाळते ते वाचा. शुद्ध रक्ताच्या नावावर जमवलेली फौज, आणि म्होरक्याच्या घरातच मगल बाप.

आणि चौथ्या पुस्तकातलं स्मशान नीट वाचा. व्होल्डेमॉर्ट हॅरीला आपल्या बापाबद्दल, आईबद्दल, अनाथाश्रमाबद्दल सगळं सांगतो, पण कधी? डेथ ईटर यायच्या आधी. ते आल्यावर तो त्यांनाच आपलं खरं कुटुंब म्हणतो आणि गाडी दुसऱ्याच रुळावर जाते. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे लक्षात नव्हतं आलं, एका नववीतल्या मुलीने दाखवलं.

डायरीवर तर नाव होतं, मग तो लपला कसा?

नाव होतं म्हणूनच लपला! पहिल्या पानावर शाईत टी. एम. रिडल, पसरट झालेलं. हॅरीला वाटतं, कुणीतरी जुना विद्यार्थी, बरा मुलगा असेल, आपल्यासारखाच अनाथ. हॅरीच्या मित्राला, रॉनला, ते नाव माहीत होतं कारण शिक्षेत त्याला ट्रॉफ्या घासायला लावल्या होत्या आणि रिडलची ढाल पुसता पुसता हात मोडले होते. इथे खरं नावच बुरखा झालंय, उलटा कारभार.

आणि त्या डायरीच्या मागच्या कव्हरवर छापलेलं होतं की ती लंडनच्या वॉक्सहॉल रोडवरच्या दुकानातली आहे. हॅरी त्यावरून ओळखतो की हा मुलगा मगल घरातला असणार, कारण जादूगार तिथे कशाला जातील डायरी घ्यायला. बरोबर आहे तर्क. सगळ्या सातही पुस्तकांत त्याची जात लपवण्याची जी काही धडपड चाललीय तिच्यावर त्या दुकानाच्या दोन ओळींनी पाणी पाडलं, आणि कुणाला पत्ता नाही.

मग "यू नो हू" आणि "ज्याचं नाव घ्यायचं नाही तो" हे काय? ते पण खोटं नावच का?

हो, पण हे लोकांनी दिलेलं. हा दुसरा थर. टॉमवर व्होल्डेमॉर्ट चढवलं, आणि व्होल्डेमॉर्टवर लोकांनी भीतीने आणखी एक गोधडी घातली. आपल्याकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत, माझी आजी नेहमी "लांबडं" म्हणायची, जनावर म्हणायची. तोच प्रकार, आणि इथे तर खरंच साप आहे.

याचा त्याला फायदा काय, तर ज्याचं नावच कुणी घेत नाही त्याच्याबद्दल कुणी चौकशी पण करत नाही. "हा मूळचा कुठला?" हे विचारायला तोंडात नाव तर आलं पाहिजे. सातव्या पुस्तकात तर त्याने हे हत्यारच केलं, नाव उच्चारलं की घातलेलं संरक्षण तुटतं आणि शोधणारे हजर. कारण नाव बिनधास्त घेणारे कोण, जे त्याच्याशी लढणार तेच. लोकांची जुनी भीती त्याने पोलिसखात्यासारखी वापरली.

डंबलडोर त्याला कायम "टॉम" का म्हणतो? मुद्दाम चिडवायला?

चिडवायला नाही, पण तो चिडतो हे खरं. नोकरी मागायला परत हॉगवॉर्ट्समधे येतो तेव्हा सांगतो की आता मला टॉम म्हणत नाहीत, आणि डंबलडोर अगदी शांतपणे सांगतो की माझ्यासाठी तू टॉमच राहशील, जुन्या मास्तरांची खोड असते ती. आपल्याकडे कलेक्टर झालेल्या माणसाला पण शाळेतले सर "काय रे बंड्या" करतात, त्यातली माया इथे नाहीये पण हक्क तोच आहे. मी तुला आधीपासून ओळखतो, हा हक्क.

शेवटच्या लढाईत (२ मे १९९८, गोष्टीतली तारीख) सगळ्यांसमोर हॅरी त्याला रिडल म्हणतो. तोपर्यंत हॉलमधे उभ्या असलेल्या कितीतरी लोकांनी ते नाव ऐकलेलंच नसेल.

खरं नाव कळून फायदा काय झाला? नुसती माहितीच ना?

नाही नाही, इथे सगळा खेळ आहे. सहावं पुस्तक लोकांना स्लो वाटतं, मारामारी कमी, आठवणीच आठवणी. पण डंबलडोर त्यात काय करतोय ते बघा. तो व्होल्डेमॉर्टचा शोध घेतच नाहीये, तो टॉमचा शोध घेतोय. अनाथाश्रम, गॉन्टांची झोपडी, तुरुंगातला मामा, त्या खून झालेल्या म्हातारीची घरकाम करणारी हाउस-एल्फ जिच्यावर खुनाचा आळ आला, आणि स्लगहॉर्न सरांची दडवलेली आठवण.

कारण त्याने आत्म्याचे तुकडे करून ज्या हॉरक्रक्समधे ठेवले ते कुठे ठेवले? अंगठी आजोळच्या झोपडीत. लॉकेट समुद्राकाठच्या गुहेत, जिथे लहानपणी अनाथाश्रमाच्या सहलीत त्याने दोन मुलांना नेऊन घाबरवलं होतं. डायडेम, म्हणजे मुकुट, शाळेत, ज्या जागेला तो आयुष्यात पहिल्यांदा घर समजला. लॉर्ड व्होल्डेमॉर्टच्या आयुष्यात ही ठिकाणं नाहीतच, तो असल्या झोपडीत कशाला जाईल? टॉमच्या आयुष्यात आहेत. म्हणजे खोट्या नावाखाली त्याने नुसतं लाजिरवाणं बालपण नव्हतं दडवलं, मारण्याचा पत्ता दडवला होता. टॉम सापडला की पत्ते सापडले.

आणि पुन्हा चौथ्या पुस्तकावर येते, कारण मला ते सोडवत नाही. परत शरीर मिळवायला जो विधी केला त्यात बापाचं हाड लागतं. ज्या बापाचं नाव नको, ज्याला स्वतः मारला, त्याच्याच थडग्यात हात घालावा लागला, आणि हॅरीला ज्या दगडाला बांधलंय त्या दगडावर कोरलेलं नाव आहे टॉम रिडल. एवढी जादू शिकून शेवटी वडिलांच्या दाखल्याशिवाय काम झालं नाही.

दुसऱ्या भाषांमधे हे अक्षरांचं कसं जमवलं?

नावच बदललं, दुसरा इलाज नव्हता. फ्रेंचमधे तो टॉम एल्विस जेदुसोर आहे, कारण त्यांना "मी व्होल्डेमॉर्ट आहे" चं फ्रेंच बसवायचं होतं. हो, एल्विस. पोरं ह्यावर पाच मिनिटं हसतात, हसू द्यावं. डॅनिशमधे तर तो रोमिओ जी. डेटलेव ज्युनियर आहे, स्पॅनिशमधे टॉम सोर्वोलो रिडल. बाकीच्या गोष्टीला धक्का लागत नाही, फक्त डॅनिशवाल्यांकडे टॉम हे कॉमन नाव असल्याचा राग जरा लंगडा पडत असेल.

शेवटचा "ट" म्हणायचा का?

लेखिकेच्या मते नाही, व्होल्डेमोर. सिनेमातल्या सगळ्यांनी म्हटला, आपण पण म्हणतो, आता कोण बदलणार.

देवनागरीत असं नाव करता येतं का? आम्हाला नाटकात पाहिजे.

येतं, पण इंग्रजीसारखं नाही. टॉम मार्वोलो रिडल देवनागरीत लिहून अक्षरं फिरवलीत तर हातात भुसा येईल. आपल्याकडे अक्षर म्हणजे व्यंजन आणि त्याला चिकटलेली मात्रा. अख्खी अक्षरं फिरवायची ठरवली तर फार कमी जमतं. म्हणून आम्ही नियम केला: व्यंजनं सुटी, मात्रा पण सुट्या, दोन्ही पिशव्या वेगळ्या, पण शेवटी दोन्ही रिकाम्या झाल्या पाहिजेत.

उलटीकडून सुरुवात करा. आधी व्हिलन शेवटी काय ओरडणार ते ठरवा, मग त्यातून साधंसुधं नाव काढा. आमचं वाक्य होतं "मी तो यमराज". जुन्या संगीत नाटकातलं वाटतं, तेच पाहिजे होतं. व्यंजनं म, त, य, म, र, ज. मात्रा तीन: दीर्घ ईकार, ओकार आणि काना. आता हलवा:

जयराम मोती.

करून बघा. ज, य, र, म, म, त, सहाच्या सहा आले. काना रा ला, ओकार मो ला, ईकार ती ला. जयराम मोती म्हणजे कसा माणूस, सराफ्यातला शेठ, कपाळाला गंध, हसतमुख, दुकानात आलेल्या पोरांना पेढा देणारा, कुणाला स्वप्नात पण शंका येणार नाही. आणि मजा म्हणजे मूळ वाक्य आणि नाव यात नुसता ईकार आणि ओकार अदलाबदल झालाय, म्हणजे मी चा मो आणि तो चा ती, बाकी अक्षरं जशीच्या तशी जागा बदलून.

स्टेजवर कांडी नको. पुठ्ठ्याची सहा मोठी व्यंजनं, मात्रा वेगळ्या लाल पुठ्ठ्याच्या, सगळं कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी लावायचं. दुकानाची पाटी म्हणून पहिल्या प्रवेशापासून ती मागे लटकत राहते, कुणी बघत नाही. शेवटी शेठ स्वतःच चिमटे काढून लावायला लागतो आणि मात्रा सगळ्यात शेवटी लावतो. "म त यमरज" इथपर्यंत लोक गोंधळतात, काना लागला की मागच्या रांगेतून आवाज यायला लागतात. जोडाक्षरं टाळा, अनुस्वार टाळा, दोन्ही पुठ्ठ्यावर फार छळतात.

खोटं नाव आणि सोंग यात फरक काय?

सोंग म्हणजे दुसऱ्याची जागा घेणं. चौथ्या पुस्तकातला मूडी हा मास्तर वर्षभर मूडी नसतोच, व्होल्डेमॉर्टचा माणूस बार्टी क्राउच ज्युनियर औषध पिऊन मूडी झालेला असतो. मूडी खरा माणूस आहे, पेटीत कोंडलेला. खोट्या नावात असा दुसरा खरा माणूस नसतो, व्होल्डेमॉर्ट नावाचा कुणी आधी नव्हताच.

रावणाचं उदाहरण पोरं नेहमी देतात. तो सोंग घेऊन, परिव्राजक होऊन येतो, पण वाल्मीकींच्या रामायणात सीतेशी बोलता बोलता स्वतःच सांगतो की मी रावण. कपडे खोटे, नाव खरं. टॉमच्या अगदी उलट, रावणाला आपल्या कुळाची लाज नाही.

पुराणात खोट्या नावांची गोष्ट नाही का?

आहे की, आणि सगळ्यात भारी, पण ती हिरोंची. विराटपर्वात युधिष्ठिर कंक होतो, भीम बल्लव, अर्जुन बृहन्नडा, नकुल ग्रंथिक, सहदेव तंतिपाल, द्रौपदी सैरंध्री. हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्यांनी आपसात हाका मारायला आणखी पाच गुप्त नावं ठेवली होती, जय, जयंत, विजय, जयत्सेन, जयद्बल, हे फार कमी जणांना माहीत असतं. म्हणजे तिथे पण दोन थर.

आणि ओळख पटवायची वेळ येते तेव्हा विराटाचा मुलगा राजकुमार उत्तर म्हणतो, तू अर्जुन असशील तर अर्जुनाची दहा नावं सांग. तो दहाच्या दहा सांगतो, प्रत्येक का पडलं तेही सांगतो. अर्जुन नावं वाढवत गेला आणि सगळी अभिमानाने वापरली, टॉमला एक सांभाळता आलं नाही.

दुसऱ्या फँटसीत असा व्हिलन?

लॉर्ड ऑफ द रिंग्जमधला सॉरॉन. मधल्या काळात तो देखण्या रूपात एल्फांकडे अन्नातार म्हणून आला, अर्थ भेटी देणारा स्वामी. लिंडनला गिल-गलाड आणि एलरॉन्डने त्याला दारातूनच परत पाठवला, तो कोण हे कळलं नव्हतं तरी. एरेगियनच्या एल्फ कारागिरांनी मात्र घरात घेतला कारण तो शिकवत होता, आणि शिकायचा मोह वाईट. त्याने स्वतःची अंगठी बोटात घातली त्या क्षणी त्या कारागिरांच्या प्रमुखाला, केलेब्रिंबॉरला, कळलं की आपण कुणाला गुरू केलंय. इथे कोडं नाही, अक्षरं नाहीत, नुसतं गोड नाव आणि उपयोगी माणूस. मला विचाराल तर हे जास्त भीतीदायक आहे, कारण असले अन्नातार आपल्याला रोज फोन करतात.

"सॉरॉन" हे नाव पण त्याचं स्वतःचं नव्हे, दुसऱ्यांनी घृणेने दिलेलं, आणि ॲरागॉर्न सांगतो की तो ते वापरत नाही आणि वापरू देत नाही.

स्नेप पण हेच करतो ना, हाफ ब्लड प्रिन्स?

हो, हाफ ब्लड प्रिन्स हे शाळेतल्या स्नेप मास्तरने स्वतःला ठेवलेलं नाव, आणि प्रिन्स हे त्याच्या आईचं माहेरचं आडनाव, आयलीन प्रिन्स. बाप मगल, टॉमसारखाच. पण स्नेपने "हाफ ब्लड" पुढे लिहिलंय बघा. स्वतःच्या पुस्तकात, कोपऱ्यात, बारीक अक्षरात का होईना, पण लिहिलंय. टॉमच्या हातून तो शब्द मेला तरी लिहिला गेला नसता.

फक्त टॉमची गोष्ट वाचायची असेल तर कुठून सुरू करू?

दुसरं पुस्तक पूर्ण, मग चौथ्याचं पहिलं प्रकरण आणि स्मशान, मग सहावं पूर्ण. सातव्यातला शेवट शेवटीच. खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांच्या दुकानांत इंग्रजी कॉप्या मिळतात, हिंदी भाषांतर भोपाळच्या मंजुलचं आहे ते पण बघायला मिळतं, भाव करा, आणि सहाव्याची कॉपी घेताना शेवटची पानं आहेत का ते दुकानातच उलटून बघा.